अ‍ॅक्युपंक्चर आणि अपत्यप्राप्ती



वसंत व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास, अध्यात्म अशा विषयांवर बोलण्याची आपल्याकडे रीत आहे. त्या मानाने आजचा विषय जरा अवघड, चारचौघांत काढताना संकोच वाटावा असा आहे. परंतु रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले, आणि लोकांचे शिव्याशाप व कोर्टकचेऱ्या सोसून १९५३ पर्यंत, म्हणजे आपल्या मृत्यूपर्यंत, चालविले. त्यानंतर इतक्या वर्षांनी आपण अजून संकोचच करीत बसलो तर ते त्यांच्या श्रमांना शोभणारे होणार नाही. म्हणून जे सांगावयाचे ते स्पष्ट शब्दांत सांगण्याची परवानगी आम्ही प्रारंभीच घेतो.

ऊसतोडीच्या टोळ्या आपल्या बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि हंगाम संपला की चैत्राच्या आगेमागे परततात. या धंद्यातला एक शब्द आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे, तो म्हणजे ‘कोयता’. मुकादम उचल देतो ती एकट्या माणसाला देत नाही, कोयत्याला देतो. आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकाने तोडायचे, दुसऱ्याने मोळ्या बांधायच्या. दोघांतला एक नसेल तर कोयता पुरा होत नाही. कामाच्या हिशेबात दोघांना मिळून एक धरणारा हा समाज मूल होत नाही असे दिसताच मात्र आपला हिशेब बदलतो. त्या वेळी जोडी मोडते आणि सगळा दोष एकट्या बाईच्या पदरात पडतो. मग तिला अंगारा लावावयाचा, तिलाच उपास करावयास लावायचे, तिलाच दवाखान्यात न्यायचे, आणि अलीकडे तिलाच अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया टोचून घ्यावयास पाठवायचे. आजचे आमचे बोलणे या सुईबद्दल आहे. ती काय करू शकते, काय करू शकत नाही, आणि तिच्यापायी काय वाया जाऊ नये, एवढे तीनच मुद्दे आम्ही मांडणार आहोत.

प्रथम ही विद्या कोणती ते पाहू. केसाहून थोड्या जाड, पोकळ नसलेल्या बारीक सुया शरीरावरील ठराविक बिंदूंवर टोचावयाच्या आणि वीस-तीस मिनिटे तशाच ठेवावयाच्या, ही चीनमधील फार जुनी चिकित्सा आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी वैद्यकग्रंथांत तिचे विवेचन सापडते. शरीरातून ‘ची’ नावाची प्राणशक्ती ठराविक मार्गांनी वाहते, ती अडली की रोग होतो आणि सुईने ती मोकळी होते, अशी त्या वैद्यांची कल्पना. ‘अ‍ॅक्युपंक्चर’ हा शब्द मात्र चिनी नाही. विलेम तेन ऱ्हाइने नावाच्या डच वैद्याने १६८३ साली या विषयावर पुस्तक लिहिले, त्याने सुई आणि टोचणे या अर्थांच्या लॅटिन शब्दांवरून तो युरोपात रूढ केला. अपत्यप्राप्तीसाठी बहुधा बेंबीखाली, गुडघ्याखाली आणि घोट्याच्या आतल्या बाजूस थोडे वर असलेल्या बिंदूंवर सुया टोचतात.

आपल्याकडे ही विद्या कशी आली याविषयी एक गैरसमज आहे. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस यांनी ती आणली असे पुष्कळांना वाटते. खरी हकीकत अशी की, १९३८ साली काँग्रेसने युद्धग्रस्त चीनला पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. त्यात सोलापूरचे कोटणीस होते, नागपूरचे डॉक्टर चोळकर होते आणि कलकत्त्याचे डॉक्टर विजयकुमार बसूही होते. कोटणीस शस्त्रवैद्य होते. आघाडीवरील जखमींची सेवा करता करता १९४२ च्या डिसेंबरात, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते तेथेच वारले. अ‍ॅक्युपंक्चर भारतात आणले ते त्यांचे सहकारी बसू यांनी. १९५८ साली ते पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकले आणि परत आल्यावर कलकत्त्यात तिचा उपयोग करू लागले. पुढे कोटणीसांच्या नावाने लुधियान्यात अ‍ॅक्युपंक्चरचे रुग्णालयही निघाले, त्यामुळे दोन्ही नावे लोकांच्या मनात एकत्र झाली. महाराष्ट्र राज्याने तर या चिकित्सेचा २०१५ चा स्वतंत्र कायदा केला. तेव्हा ही काही चोरून करावयाची गोष्ट नाही. पण कायद्याने धंद्याला मान्यता दिली म्हणजे त्या धंद्यातील प्रत्येक दावा खरा ठरला, असे मात्र कोणी समजू नये. दाव्याची परीक्षा वेगळी असते.

ती परीक्षा कशी करतात? सुया टोचलेल्या शंभर बायकांपैकी इतक्यांना दिवस गेले एवढे सांगून भागत नाही. कारण काहीही न करताही पुष्कळांना दिवस जातातच. बाईचे वय चाळिशीच्या आत असेल आणि पतिपत्नी नियमित एकत्र असतील, तर अशा शंभर जोडप्यांपैकी सुमारे ८४ जणांना पहिल्या वर्षातच दिवस जातात. उरलेल्या सोळांपैकी निम्म्यांना, म्हणजे आठ जोडप्यांना, दुसऱ्या वर्षात काही उपाय न करता गर्भ राहतो. आता गंमत पाहा. वर्षभर वाट पाहून ही सोळा जोडपी वाटा शोधू लागतात. कोणी नवस बोलते, कोणी काढा घेते, कोणी सुया टोचून घेते. यांपैकी आठांना तसेही यश यावयाचेच असते. ते आले की श्रेय ज्याच्या त्याच्या उपायाला जाते, आणि गावोगाव त्याचा बोलबाला होतो. ज्यांना यश आले नाही ती बिचारी गप्प बसतात, आणि त्यांची साक्ष कोणी काढीत नाही.

म्हणून शास्त्रज्ञांनी वेगळा मार्ग काढला. स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करावयाचे. एका गटाला खरी सुई, दुसऱ्या गटाला खोटी. खोट्या सुईचे टोक बोथट असते; ती कातडीला टेकते, टोचल्याचा भास होतो, पण आत शिरत नाही. आपल्याला कोणती सुई मिळाली हे बाईला कळू द्यावयाचे नाही. मग दोन्ही गटांत किती मुले जन्मली ते मोजावयाचे.

या वाटेने काय निष्पन्न झाले? आरंभी आशा वाटली. २००२ साली जर्मनीत १६० स्त्रियांवर प्रयोग झाला. त्या सर्वजणी टेस्ट ट्यूब बेबीचे म्हणजे आयव्हीएफचे उपचार घेत होत्या. गर्भ गर्भाशयात ठेवण्याच्या आधी आणि नंतर ज्यांना सुया टोचल्या, त्यांच्यापैकी शेकडा ४२.५ जणींना दिवस गेले. ज्यांना टोचल्या नाहीत त्यांच्यात शेकडा २६.३. बातमी जगभर पसरली. परंतु त्या प्रयोगात दुसऱ्या गटाला खोटी सुई दिलेली नव्हती. त्या नुसत्या पडून होत्या. आपल्याला काही खास उपचार मिळाला हे पहिलीला ठाऊक होते, आणि आपल्याला मिळाला नाही हे दुसरीलाही ठाऊक होते.

ही उणीव भरून काढणारा मोठा प्रयोग ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये झाला आणि २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात ८४८ स्त्रिया होत्या. खरी सुई मिळालेल्यांपैकी शेकडा १८.३ जणींना मूल झाले, आणि खोटी सुई मिळालेल्यांपैकी शेकडा १७.८ जणींना. हा फरक नसल्यातच जमा आहे.

कोणी म्हणेल, परदेशातल्या डॉक्टरांना चिनी विद्येचे मर्म काय कळणार? शंका रास्त आहे. पण तिचे उत्तर खुद्द चीननेच दिले आहे. पाळी लांबते, स्त्रीबीज वेळच्या वेळी सुटत नाही, अशा ज्या विकाराला आज ‘पीसीओएस’ म्हणतात, तो असलेल्या एक हजार चिनी स्त्रियांवर तेथील वैद्यांनी प्रयोग केला. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनदा, चार पाळीचक्रांपर्यंत सुया टोचल्या. जोडीला निम्म्या जणींना क्लोमिफीन नावाची बीज सुटण्याची साधी गोळी दिली, आणि निम्म्यांना तशीच दिसणारी निरुपयोगी गोळी दिली. खरी सुई आणि खरी गोळी मिळालेल्यांत शेकडा २९.४ जणींना मूल झाले. खोटी सुई आणि खरी गोळी मिळालेल्यांत शेकडा २८. खरी सुई पण निरुपयोगी गोळी मिळालेल्यांत शेकडा १३.९, आणि दोन्ही खोटे मिळालेल्यांत शेकडा १६.८. या चार आकड्यांचा अर्थ लावावयास गणिती लागत नाही. गोळीने यश जवळजवळ दुप्पट झाले. सुईने त्यात काही भर घातली नाही. ज्या देशात ही विद्या जन्मली, तेथील तज्ज्ञ हातांनी टोचलेल्या सुयांचा हा हिशेब आहे.

मग सुई अगदीच निरर्थक का? तसे आम्ही म्हणत नाही. अर्धा तास निवांत पडून राहावयास मिळते, कोणी तरी आपले दुखणे शांतपणे ऐकून घेते, मनावरचा ताण हलका झाल्यासारखा वाटतो, झोप बरी लागते, असे पुष्कळ स्त्रिया सांगतात. मूल होत नाही म्हणून जिला घरात चोवीस तास नजरेखाली वावरावे लागते, तिला असा अर्धा तासही मोलाचा वाटल्यास नवल नाही. तेवढ्यासाठी कोणी सुया टोचून घेत असेल तर आमची हरकत नाही. जोडधंदा म्हणून सुई चालेल. मुख्य पीक म्हणून तिच्यावर विसंबून राहता येणार नाही.

असे म्हणण्याचे कारण काळ हे आहे. स्त्रीच्या अंडाशयातील बीजे ती जन्माला येते तेव्हाच ठरलेली असतात. जन्मतः दहा ते वीस लाख, वयात येताना तीन-चार लाख, आणि पुढे ती घटतच जातात. पस्तिशीनंतर त्यांची संख्या आणि प्रत दोन्ही वेगाने उतरतात. कोणतीही सुई नवे बीज निर्माण करीत नाही. क्षयाच्या जंतूंनी किंवा जुन्या जंतुदोषाने गर्भनलिका बंद झाल्या असतील तर सुईने त्या उघडत नाहीत. आणि गर्भाशयाचा व नलिकांचा क्षय आपल्या देशात दुर्मिळ नाही. थायरॉईड बिघडले असेल तर त्याला साधी गोळी पुरते, पण ते आधी तपासावे लागते. नवऱ्याच्या वीर्यात शुक्रजंतूच नसतील, तर बायकोला कितीही सुया टोचून काय उपयोग?

हा शेवटचा प्रश्न आम्ही मुद्दाम विचारीत आहोत. मूल न होण्याची कारणे शोधली असता सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील दोषाचा कमी-अधिक वाटा आढळतो. वीर्यतपासणी ही सर्वांत सोपी, स्वस्त आणि बिनदुखीची तपासणी. ती सर्वांत आधी व्हावयाची, पण आपल्याकडे ती सर्वांत शेवटी होते. बाईच्या सोनोग्राफ्या होतात, पिशवी साफ करणे होते, नलिकांची तपासणी होते, वर्षे जातात, आणि नवरा म्हणतो, ‘मला काय धाड भरली आहे?’ पुरुषत्व निराळे आणि शुक्रजंतूंची संख्या निराळी. धडधाकट, पिळदार शरीराच्या माणसाच्या वीर्यातही दोष असू शकतो, त्यात लाजेचे काही नाही. शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. म्हणून मोठा ताप येऊन गेला, तर पुढे काही महिने अहवाल कमी येऊ शकतो. अशा वेळी तपासणी पुन्हा करावी. तंबाखू, गुटखा आणि दारू यांचाही वीर्यावर परिणाम होतो, आणि त्या सोडण्यास कोणत्याच डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही.

एक वर्ष नियमित एकत्र राहून दिवस गेले नाहीत, किंवा बाईचे वय पस्तिशीच्या पुढे असून सहा महिने झाले, तर दोघांनी मिळून तपासणीला जावे, असा आधुनिक वैद्यकाचा नियम आहे. पाळी फार अनियमित असेल तर एवढीही वाट पाहू नये. आपल्या जिल्ह्यात बीडला जिल्हा रुग्णालय आहे आणि अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पहिली पायरी चढण्यासाठी पुण्या-मुंबईस जावयास नको.

‘नियमित एकत्र’ हे शब्द उच्चारताना आपल्या जिल्ह्याचे जिणे डोळ्यांपुढे ठेवावे लागते. बीज पाळीच्या सुमारे चौदा दिवस आधी सुटते. तो दिवस आणि त्याच्या आधीचे पाच, असे महिन्यातले सहाच दिवस गर्भधारणेचे. फडावरची जोडपी पहाटेच्या अंधारात उठून रात्री उशिरा गाडी भरून पाचटाच्या कोपीत येऊन पडतात. एक दिवस कामावर गेले नाही तर खाडा म्हणून पैसे कापले जातात. ज्यांचा नवरा नोकरीपायी पुण्याला आणि बायको गावी, त्यांची तऱ्हा निराळी. अशा जोडप्याला ‘आठवड्यातून दोनदा या, सहा महिने या’ असे सांगणे म्हणजे त्याची उचल वाढविणे होय. त्यापेक्षा पाळीची तारीख मांडून ठेवा, ते सहा दिवस ओळखा, असे कोणी नीट समजावले तर एक पैसाही न लागता पुष्कळांचे काम होईल. बाईने मूल राहण्याच्या आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिडची गोळी घ्यावी. बाळाच्या मज्जारज्जूतील व्यंग टाळण्यास तिचा उपयोग होतो.

याच जिल्ह्याची दुसरी एक गोष्ट सांगितल्याविना पुढे जाता येत नाही. २०१९ साली विधान परिषदेत आरोग्यमंत्र्यांनी सांगितले की, त्याआधीच्या तीन वर्षांत बीड जिल्ह्यात ४,६०५ स्त्रियांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्या. त्यांत ऊसतोड करणाऱ्या तरुण बायका पुष्कळ होत्या. अंगावरून पांढरे जाते, पोट दुखते, फडावर आडोसा नाही, खाड्याचे पैसे जातात. ‘पिशवी काढून टाका म्हणजे कटकट मिटेल’ असा सल्ला त्यांना मिळाला होता. ज्या जंतुदोषावर वेळीच औषध घेतले असते तर पिशवीही राहिली असती आणि नलिकाही शाबूत राहिल्या असत्या, त्याच्यावर शस्त्र चालले. एका घरी मूल होत नाही म्हणून बाईला छळावयाचे, आणि शेजारच्या घरी कामात अडचण नको म्हणून तिची पिशवीच काढावयाची, या दोन गोष्टी वरवर उलट दिसतात. पण दोन्हींत बाईचे शरीर दुसऱ्यांच्या सोयीचे साधन ठरते. बाईच्या दुखण्याचे कारण आधी शोधा आणि मग उपाय करा, एवढा एक नियम पाळला असता तर दोन्ही अनर्थ टळले असते.

आणि ‘मूल हवे’ याचा अर्थ पुष्कळ घरांत ‘मुलगा हवा’ असा असतो, हेही मान्य केले पाहिजे. २००१ च्या जनगणनेत या जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या; २०११ मध्ये त्या ८०७ उरल्या. म्हणून सुई, काढा, पुडी, काहीही देऊन मुलगाच होईल असे सांगणारा मनुष्य भेटला तर त्याच्या दारातूनच परत फिरा. बाळ मुलगा की मुलगी हे पित्याच्या शुक्रजंतूवर ठरते, आणि लिंगनिवडीची जाहिरात करणे हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

ज्यांना इतके ऐकूनही अ‍ॅक्युपंक्चर घ्यावयाचे असेल, त्यांनी काही पथ्ये पाळावीत. दोघांची तपासणी आधी करावी, सुई नंतर. टोचणारा नोंदणी झालेला आहे याची खात्री करावी. प्रत्येक वेळी निर्जंतुक, नवी सुई डोळ्यांदेखत पाकिटातून काढली जावी. एकाची सुई दुसऱ्याला लागली तर काविळीसारखे रक्तातून पसरणारे रोग लागू शकतात. स्त्रीरोगतज्ज्ञाने दिलेल्या गोळ्या सुईवाल्याच्या सांगण्यावरून बंद करू नयेत, आणि सुया चालू आहेत हे त्या डॉक्टरांपासून लपवू नये. रक्त पातळ करण्याचे औषध चालू असल्यास किंवा दिवस गेल्याची शंका असल्यास टोचणाऱ्यास तसे आधी सांगावे. किती दिवस व किती पैसे हे पहिल्याच दिवशी ठरवावे. शेत गहाण टाकून कोणी सुया टोचून घेऊ नयेत. आणि जो हमी देतो, त्याला टाळावे.

येथे परळीला वैजनाथ आहे. त्याच्या नावातच वैद्य आहे. त्याला कोणी नवस बोलत असेल तर आम्ही त्याच्या श्रद्धेला हात लावणार नाही. नवस मनाला धीर देतो आणि औषध बंद करावयास सांगत नाही. सुईकडूनही तेवढीच अपेक्षा ठेवली, तर तिच्यापासून काही नुकसान होण्याचे कारण नाही.

शेवटी या सभेतील सासू-सासऱ्यांना, दीर-नणंदांना आमची विनंती आहे. एवढे सर्व करूनही काही जोडप्यांना मूल होत नाही, आणि पुढेही होणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले की, जगात सहा माणसांमागे एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा ही अडचण येते. म्हणजे या मंडपातील प्रत्येक ओळीत कोणी ना कोणी असे असण्याचा संभव आहे. त्यांच्यापुढे कायद्याने दत्तक घेण्याची वाट आहे, आणि मुलाविना दोघांनी सुखाने राहण्याचीही वाट आहे. पण घरच्यांनी ‘वांझ’ हा शब्द तोंडातून काढला, हळदीकुंकवाला तिला वगळले, मुलाच्या दुसऱ्या लग्नाची कुजबुज सुरू केली, तर कोणतीही वाट तिला मोकळी राहत नाही. सुईने जे होत नाही ते घरातल्या माणसांच्या वागण्याने होऊ शकते, निदान तिचे जगणे तरी सुसह्य होऊ शकते. कामाच्या हिशेबात आपण दोघांना एक कोयता मानतो. दवाखान्याच्या दारातही त्या दोघांना जोडीनेच जाऊ द्या, आणि पहिली चिठ्ठी नवऱ्याच्या नावाने काढा.